अमूर्त, वस्तुनिरपेक्ष की नुसतंच अ‍ॅब्स्ट्रॅक्ट?

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्यावर मराठीत लेख लिहितोय आणि एका शब्दावर अडलोय. आपल्या चित्रांना 'अ‍ॅब्स्ट्रॅक्ट' म्हटलेलं त्यांना पटत नसे, 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' हा शब्द जवळचा वाटे. मराठीत दोन्हींना आपण 'अमूर्त'च म्हणतो. मग काय लिहू? 'माझी चित्रं अमूर्त नाहीत, अमूर्त आहेत'?

*

फरक खरा आहे. अ‍ॅब्स्ट्रॅक्टच्या मुळाशी लॅटिनमधलं 'ओढून काढणं' आहे, म्हणजे आधी वस्तू हवी. डच चित्रकार मोंद्रियानची १९०८ ते १९१२ या काळातली झाडांची चित्रं ओळीने बघा. आधी खोड-फांद्या ओळखू येतात, शेवटी नुसत्या वाकड्या रेघा उरतात. हे झालं अमूर्तीकरण. चित्रकार मालेविचच्या १९१५ च्या चित्रातला काळा चौकोन मात्र कशातूनच काढलेला नाही. अशा चित्रांसाठी मालेविच वापरायचा तो रशियन शब्दही 'वस्तूविना' अशाच अर्थाचा. तिथे 'वस्तुनिरपेक्ष' बसतो. गंमत म्हणजे न्यूयॉर्कचं गुगनहाइम १९३९ मध्ये उघडलं तेच 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' चित्रांचं संग्रहालय म्हणून, आणि २०१४ मध्ये गायतोंड्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं ते याच गुगनहाइमने. लेखात घ्याच हे.

*

'वस्तुनिरपेक्ष' परिपत्रकातला वाटतो हो. शिवाय 'वस्तुनिष्ठ' डोक्यात पक्का बसलेला, त्यामुळे वाचक त्याच्या उलट 'पक्षपाती' असा काहीतरी अर्थ लावणार. 'निराकार' का नको?

*

निराकार म्हटलं की 'निर्गुण' शेजारी येऊन बसतं आणि वाचक थेट अभंगात पोचतो. आणि कॅनव्हासवर आकार असतातच की!

मला 'अमूर्त'च आवडतो, पण वेगळ्या कारणाने. 'मूर्त' हा मूर्छ् धातूपासून आलेला, जुना अर्थ थिजलेलं, घट्ट झालेलं. मूर्छा त्याच घरातली. म्हणजे अमूर्त ते, जे अजून थिजलेलं नाही; थंडीत तुपाने कणी धरण्याच्या आधीसारखं. गायतोंडे रोलरने आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर द्यायचे, काढायचे. त्यातून काहीतरी वर येतंय असं वाटत राहतं, पण त्याची वस्तू काही होत नाही. हल्ली 'अमूर्त मालमत्ता', 'अमूर्त वारसा' करून शब्द पार गुळगुळीत केलाय, ते सोडा.

*

तूप पटलं! शीर्षकात 'अमूर्त' ठेवतो, गायतोंड्यांच्या म्हणण्यापाशी 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' तसाच, पुढे एकदा 'वस्तूविना'. संपादकांनी तिन्ही ठिकाणी 'अमूर्त' केलं नाही म्हणजे मिळवलं.