इम्पोर्टेड ड्रमवरचा मासा-झाड स्टिकर ट्रकने पुढे पाठवताना ठेवायचा की काढायचा?

मकरपुरा_डिस्पॅच
नमस्कार मंडळी. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका ट्रेडिंगवाल्याकडे डिस्पॅच बघतो. आमच्याकडे कोरियाहून लिक्विड इपॉक्सी रेझिन येतं, २४० किलोचे ड्रम, न्हावा शेवाला उतरतं आणि कंटेनर बडोद्याला गोडाऊनवरच रिकामा होतो. प्रत्येक ड्रमवर यूएन ३०८२ (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय नंबर), खाली ९ लिहिलेला काळ्या पट्ट्यांचा डायमंड, आणि शेजारी तो मेलेला मासा आणि वाळकं झाड. इथून आम्ही ५-१० ड्रम करून ट्रान्सफॉर्मरवाल्यांना, पेंटवाल्यांना देतो, बरंचसं गावातच, थोडं पीथमपूरला, आणि अधूनमधून कोचीला.

परवा टेम्पोवाल्याने मासा बघितला आणि म्हणाला आ तो झेरी (विषारी) माल छे, भाडं डबल. शेठ म्हणाले स्टिकर काढून टाका, आपण काय समुद्रातून पाठवतोय का. मग दोन पोरं दुपारभर उन्हात पत्र्याची पट्टी आणि थिनर घेऊन खरवडत बसली, सात ड्रम झाले तेव्हा मी आलो आणि थांबवलं. आता त्या सात ड्रमवर नुसते चिकट पांढरे चौकोन आहेत.

तर रोडने पाठवताना हा स्टिकर लागतो का? काढला तर काही गुन्हा आहे का? आणि आम्ही काही गिऱ्हाइकांना २० लिटरच्या कॅनमध्ये काढून देतो त्यावर काय लावायचं? कॅनवर सध्या मार्करने रेझिन एवढंच लिहितो 🙈

मगरप्रेमी_बडोदा
बडोद्यात माशाचा स्टिकर कोण बघतंय, विश्वामित्री नदीतल्या मगरीचा लावा, टेम्पोवाला भाडं न घेता पळून जाईल 😂

नंदेसरी_रिटायर्ड
चेष्टा बाजूला ठेवू. नंदेसरीला सेफ्टीत बरीच वर्षं काढली म्हणून सांगतो.

आधी दोन कायदे डोक्यात वेगळे कर. मासा-झाड म्हणजे पाण्यातल्या जीवांना घातक माल, आणि हे चिन्ह समुद्राच्या नियमातून आलंय, आयएमडीजी कोड (जहाजाने धोकादायक माल नेण्याचे आंतरराष्ट्रीय नियम), आणि त्याच्या मागे मारपोलचं (जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखण्याचा करार) तिसरं परिशिष्ट जे १९९२ पासून लागू आहे. (जुन्या लोकांना आठवत असेल, पूर्वी त्रिकोणात फुली मारलेला मासा असायचा.) पॅकेजवर ते चिन्ह साधारण १०० बाय १०० मिलिमीटरचं, कंटेनरवर २५० बाय २५०, आणि खुणा अशा लागतात की ड्रम समुद्रात पडून तीन महिने पाण्यात राहिला तरी ओळखता आल्या पाहिजेत. तुझ्या पोरांना खरवडायला दुपार का लागली ते कळलं ना आता!

आपला रोडचा कायदा म्हणजे सेंट्रल मोटर व्हेइकल्स रूल्स १९८९, नियम १२९ ते १३७. त्यात भाषा अशी आहे की माणसाच्या जिवाला धोकादायक माल. माणसाच्या. माशाच्या नाही. नियम १३७ च्या टेबलांमध्ये विषारीपणा, ज्वालाग्राहीपणा, स्फोटकपणा याचे निकष आणि नावांची यादी आहे, मासा-झाड हे चिन्ह त्यात नाही. म्हणजे ट्रकने पीथमपूरला जाताना तो स्टिकर *लावाच* असं हा नियम म्हणत नाही. तुझा माल त्या निकषात किंवा यादीत बसतो का ते एसडीएस (सप्लायरचं सेफ्टी डेटा शीट) समोर ठेवून तपास, आणि बसला तर मग पूर्ण लवाजमा लागतो, पॅकेजवर क्लास लेबल, गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे इमर्जन्सी इन्फर्मेशन पॅनल, ड्रायव्हरकडे लेखी ट्रेम कार्ड (अपघात झाला तर काय करायचं त्याच्या सूचना), आणि ट्रेनिंग घेतलेला ड्रायव्हर. माल पाठवणारा म्हणून ही माहिती द्यायची जबाबदारी तुमची, टेम्पोवाल्याची नाही.

पण लागत नाही म्हणून काढायचा, हे मला अजिबात पटत नाही. स्टिकर खोटा आहे का? नाही. ड्रममध्ये तोच माल आहे. एका गोडाऊनमध्ये असाच स्टिकर काढलेला ड्रम फोर्कलिफ्टच्या काट्याने फुटलेला मी बघितलाय. कोणाला माहीत नाही आत काय आहे, वॉचमनने आपली पाण्याची नळी लावली आणि सगळा चिकट पसारा पावसाळी गटारात. वाळू नाहीतर भुसा टाकून उचलायचं असतं ते, पाणी मारायचं नसतं. आणि शेठना सांग, बडोद्याहून समुद्र लांब नाही, गटार विश्वामित्रीत, विश्वामित्री ढाढरमध्ये आणि ढाढर खंभातच्या आखातात.

ह्यूस्टन_रिटर्न
काकांचं बरोबर आहे, थोडी भर घालते. अमेरिकेत लॉजिस्टिक्समध्ये होते तिथे हाच प्रश्न रोज यायचा. तिकडचा नियम असा की मरीन पोल्युटंट (म्हणजे मासा-झाडवाला माल) जर नॉन-बल्क पॅकिंगमध्ये असेल आणि प्रवास फक्त रोड किंवा रेल्वेचा असेल तर मरीन पोल्युटंट म्हणून तो रेग्युलेट होत नाही. लिक्विडला बल्क म्हणजे ४५० लिटरच्या वर, म्हणजे ड्रम सुटला पण हजार लिटरचा आयबीसी टँक अडकला. आणि जहाजावर चढला की ड्रमसुद्धा अडकला. इम्पोर्ट होऊन आलेल्या ड्रमवर आधीच मार्क असेल तर आम्ही तो तसाच ठेवायचो, कोणी कधी खरवडत बसलं नाही. हा तिकडचा कायदा आहे हां, इथे दाखवू नका कोणाला, पण विचार कसा केलाय ते कळतं.

मला तुमच्या कोचीची काळजी वाटते. ट्रकने जातं की मुंद्र्याहून कोस्टल कंटेनरने? कारण देशातल्या देशात असलं तरी जहाज आलं की आयएमडीजी आलं, मग यूएन नंबर, प्रॉपर शिपिंग नेम (नियमातलं मालाचं ठरलेलं नाव), क्लास ९, मासा-झाड, डिक्लरेशन सगळं पाहिजे. खरवडलेले ड्रम तिथे उभे करून घेणार नाहीत. ५ लिटर किंवा कमीच्या डब्यांना सूट असते, तुमच्या २० लिटरच्या कॅनला नाही.

अजून एक, ड्रमवर मासा दोनदा असतो, बघा. काळ्या बॉर्डरचा वाहतुकीचा, आणि लाल बॉर्डरचा वापरणाऱ्यासाठीच्या लेबलवर, जिथे त्वचेला ॲलर्जी वगैरे लिहिलेलं असतं. पोरांनी लाल पण काढला का?

मकरपुरा_डिस्पॅच
आत्ता जाऊन बघून आलो. चार ड्रमवर लाल पण गेला 😑 आणि त्याच कागदावर बॅच नंबर होता. कोचीचं बरोबर ओळखलंत ताई, कधी ट्रक कधी कोस्टल, फॉरवर्डर (वाहतूक लावून देणारा एजंट) ठरवतो.

नंदेसरी_रिटायर्ड
मग ते चार ड्रम सध्या कोणालाच देऊ नकोस. पॅकिंग लिस्टमध्ये बॅच असतील, ड्रमच्या झाकणावर किंवा बुडाशी पण कधी कधी छापलेलं असतं, जुळवून घे आणि सप्लायरकडून लेबलची फाइल मागव, मेलवर देतात. नाहीच जुळलं तर ट्रान्सफॉर्मरवाला असा माल घेणार नाही, त्यांच्या क्वालिटीवाल्याला बॅचशिवाय चालत नाही.

कॅनसाठी, १९८९ च्याच हजार्डस केमिकल रूल्समधला नियम १७ नमुना म्हणून धर: आत काय आहे, बनवणाऱ्याचं किंवा इम्पोर्टरचं नाव-पत्ता, आणि धोक्याची माहिती. त्यात मूळ बॅच नंबर, काढल्याची तारीख आणि लाल मासा घाल. मार्कर बंद. रिकामा झालेला मूळ ड्रम भंगारात देताना मात्र साफ करून *मग* स्टिकर काढ, तिथे काढलाच पाहिजे.

आणि ते थिनर कुठे ठेवता रे? रोडच्या कायद्याच्या दृष्टीने तुमच्या गोडाऊनमधला धोकादायक माल आधी तो आहे, रेझिनचं अजून तपासायचंय, आणि तुम्ही तो उन्हात उघडा ठेवून पत्र्याने लोखंडी ड्रम घासत होतात.

मकरपुरा_डिस्पॅच
डबा ऑफिसच्या जिन्याखाली आहे. उचलायला सांगितलं आत्ताच. टेम्पोवाल्याला उद्या एसडीएस दाखवून बघतो, भाडं कमी करतो का.

मगरप्रेमी_बडोदा
नाही करणार. सेव-उसळ खाऊ घाल, मग करेल.