जेतेपदं मोजताना दुहेरी धरायची की नाही?

ट्रामलाइन
टेनिसमध्ये सर्वकालीन श्रेष्ठ कोण हा विषय निघाला की फक्त एकेरीच्या ग्रँडस्लॅमचे, म्हणजे चार सर्वांत मोठ्या स्पर्धांच्या जेतेपदांचे, आकडे मांडले जातात. जोकोविच २४, नदाल २२, फेडरर २०. महिलांत मार्गारेट कोर्ट २४, सेरेना २३, स्टेफी २२. मार्टिना नवरातिलोव्हा १८ वर राहते आणि विषय संपतो. हा सरळ अन्याय आहे. तिची महिला दुहेरीत ३१ आणि मिश्र दुहेरीत १० ग्रँडस्लॅम आहेत, म्हणजे एकूण ५९. तिच्या पुढे फक्त कोर्ट आहे: २४, १९ आणि २१ मिळून ६४. शिवाय व्यावसायिक स्पर्धांमध्ये मार्टिनाने एकेरीची १६७ आणि दुहेरीची १७७ जेतेपदं मिळवली. खुल्या युगात (१९६८ नंतर, जेव्हापासून व्यावसायिकांनाही प्रवेश मिळाला) पुरुष-महिला दोन्ही धरले तरी हे दोन्ही विक्रम तिचेच. चारही ग्रँडस्लॅममध्ये तिन्ही प्रकार किमान एकदा जिंकणाऱ्या इतिहासात तिघीच: डोरिस हार्ट, कोर्ट आणि मार्टिना. माझ्या मते श्रेष्ठत्व एकूण आकड्यावरच ठरावं.

बेसलाइनवाला
ही बेरीजच मान्य नाही. एकेरीत १२८ खेळाडूंचा ड्रॉ, सात सामने, आणि कोर्टवर तुम्ही एकटे. दुहेरीत ६४ जोड्या, सहा सामने. मिश्र दुहेरीत वर्षानुवर्षं ३२ जोड्या, पाच सामने. या तिघांना प्रत्येकी एक गुण कसा देणार? त्यात एकेरीतले पहिल्या फळीचे खेळाडू आता दुहेरीत फारसे उतरत नाहीत. जोकोविचचं टूरवरचं (वर्षभराच्या व्यावसायिक स्पर्धांमधलं) दुहेरीचं जेतेपद एकच, २०१० सालचं क्वीन्स क्लबचं. ब्रायन बंधूंनी एकत्र १६ ग्रँडस्लॅम आणि एकूण ११९ स्पर्धा जिंकल्या, पण एकेरीच्या क्रमवारीत दोघांपैकी कुणीही पहिल्या शंभरात कधी पोहोचला नाही. शिवाय पुरुषांच्या टूरवर २००६ पासून दुहेरीत ड्यूसला (४०-४० झाल्यावर) अॅडव्हांटेज नाही, पुढचा एकच गुण गेम ठरवतो, आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक असतो. इतक्या छोट्या सामन्यात कमकुवत जोडीही निसटून जाते.

नेटजवळून
टूरचा नियम ग्रँडस्लॅमच्या पुरुष आणि महिला दुहेरीला लावू नका, तिथे तिसरा सेट पूर्ण खेळावा लागतो.

आणि "एकेरी जमली नाही म्हणून दुहेरी" हा समज तर काढूनच टाका. एकेरीचं कोर्ट ८.२३ मीटर रुंद, दुहेरीचं १०.९७. दोन्ही बाजूंना १.३७ मीटरची पट्टी (ट्रामलाइन) वाढते, पण समोर एक माणूस नेटला चिकटून उभा असतो, त्यामुळे मोकळी जागा उलट कमी होते. एकेरीत मधोमध खोल टाकलेला रिटर्न सुरक्षित. दुहेरीत तोच रिटर्न नेटवाला मध्ये घुसून संपवतो. चेंडू क्रॉसकोर्ट (तिरका), नेटपासून जेमतेम वर आणि पुढे येणाऱ्या सर्व्हरच्या पायात पडावा लागतो. एकेरीचे बडे खेळाडू नेमके इथे चुकतात. सवयीने भरपूर टॉपस्पिन (पुढे फिरणारी फिरकी) देतात, चेंडू उंचावरून जातो आणि नेटवाल्याला खांद्याच्या उंचीवर आयती व्हॉली (टप्पा पडण्याआधीचा फटका) मिळते.

सर्व्हिसचंही तसंच. पहिली सर्व्हिस थोडी हळू पण आत पडलेली बरी, कारण दुसरीवर रिटर्न करणारा तुटून पडतो. दिशा शक्यतो मधल्या रेषेवर किंवा अंगावर. बाहेर टाकली की समोरच्याला कोन मिळतो, जोडीदाराला ट्रामलाइन राखावी लागते आणि त्याचं मध्ये घुसणं बंद होतं. आय फॉर्मेशनमध्ये नेटवाला मधल्या रेषेवर वाकून बसतो, पाठीमागे बोटांनी खूण करतो आणि सर्व्हिस होताच ठरल्या बाजूला सरकतो. तो कुठे जाईल हे ओळखत बसलात तर रिटर्न उशिरा होतो. त्यावर खरा उपाय म्हणजे आधीच ठरवून सरळ मधून खाली मारणं, नाहीतर लॉब, म्हणजे डोक्यावरून उंच फटका. हे सगळं शिकावं लागतं.

बेसलाइनवाला
कौशल्य वेगळं आहे हे कुठे नाकारतोय? वेगळं आहे म्हणूनच बेरीज नको. आणि एकेरीची ताकद दुहेरीत चालते याचा मोठा पुरावा विल्यम्स भगिनी, सेरेना आणि व्हीनस: १४ ग्रँडस्लॅम अंतिम सामने, १४ विजय. जोरदार सर्व्हिस आणि जोरदार रिटर्न असला की बाकीच्या उणिवा झाकल्या जातात.

ट्रामलाइन
प्रतिस्पर्धी कोण होते हा निकष लावायचा तर एकेरीलाही लावा. मार्गारेट कोर्टच्या २४ पैकी १३ जेतेपदं १९६८ च्या आधीची, आणि २४ पैकी ११ एकट्या ऑस्ट्रेलियातली, जिथे तेव्हा परदेशी खेळाडू मोजकेच येत. तो आकडा आपण जसाच्या तसा धरतो. आणि एकेरीतले मोठे खेळाडू दुहेरीतही जिंकले आहेत: मॅकेन्रो आणि एडबर्ग एकेरी आणि दुहेरी अशा दोन्ही क्रमवारीत पहिले होते. क्रेयचिकोव्हाने २०२१ च्या फ्रेंच ओपनमध्ये एकेरी आणि दुहेरी दोन्ही जिंकली, तिथे महिलांत असं त्याआधी २००० मध्ये मेरी पिअर्सने केलं होतं.

दुसरा सेट
दोघांनी सोडलेला एक प्रश्न आहे: दुहेरीचा विक्रम जोडीचा की खेळाडूचा? मार्टिनाच्या ३१ पैकी २० पॅम श्रायव्हरबरोबर, बाकी ११ इतरांबरोबर. माइक ब्रायनकडे १८ आणि बॉबकडे १६, कारण २०१८ मध्ये बॉब जखमी असताना माइकने जॅक सॉकबरोबर विम्बल्डन आणि यूएस ओपन जिंकली. लिएंडर पेसची पुरुष दुहेरीतली आठ ग्रँडस्लॅम चार वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर: भूपती, डॅम, द्लोही, स्तेपानेक. जोडीदार बदलूनही जिंकणाऱ्याला मी वरचं स्थान देईन. एकेरी, दुहेरी आणि मिश्र असे तीन रकाने वेगळे ठेवा, आणि दुहेरीच्या रकान्यात जोडीदारांची संख्याही लिहा.

नेटजवळून
रकान्यांची कल्पना पटली. एकेरीवाल्यांशी थेट गाठ हवी असेल तर २०२५ ची यूएस ओपन मिश्र दुहेरी बघा. १६ जोड्या, बहुतेक एकेरीतले तारे. जिंकले कोण? एरानी आणि वावासोरी, दुहेरीत मुरलेली जोडी, अंतिम सामन्यात श्वियाँतेक आणि रूड यांना हरवून.

बेसलाइनवाला
अंतिम सामना सोडला तर चार-चार गेमचे सेट होते, आणि श्वियाँतेक स्पर्धा सुरू होण्याच्या आदल्याच दिवशी सिनसिनाटीत एकेरीचा अंतिम सामना खेळून आली होती. रकाने वेगळे ठेवायचेच असतील तर त्या स्पर्धेला चौथा रकाना द्या. पाच पूर्ण सामने जिंकून मिळवलेल्या जुन्या मिश्र जेतेपदांशेजारी ती बसत नाही.