मुलांना धडपडू कसं देता? (अनुभव धागा)

सदाफुली: खाली सायकलवरून एक पोर पडलं न पडलं तोच चार मोठी माणसं धावली. आमच्या वेळचे फुटके गुडघे आठवले. धडपडू तर द्यायचं, पण वाऱ्यावरही सोडायचं नाही, हे रोज कसं जमवता? तत्त्वज्ञान नको, करण्यासारखं सांगा.

खटपट्या: सायकलचंच घ्या. आधाराची छोटी चाकं लावूच नका, तोल शिकायचा राहतो. दोन्ही पेडल काढा, बहुतेक सायकलींना १५ नंबरचा पाना लागतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, तिथेच लोक जोर लावून आटे घालवतात. पाना वर उभा धरून मागच्या चाकाकडे ओढा, दोन्ही बाजू सुटतात. सीट इतकी खाली की तळवे पूर्ण टेकतील. ब्रेक आधी शिकवा, मग किंचित उतारावर पाय उचलून सोडा. धरायचंच तर काखेत धरा. हँडल धरलंत की तोल तुम्हीच सांभाळताय.

मोगरा: +१. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, मागे कललेलं नको. गुडघा भरून येतो, डोक्याशी खेळ नको.

गजाभाऊ: स्क्रू पाना चालेल का हो?

खटपट्या: पातळ तोंडाचा असेल तर. जाडा आत शिरतच नाही.

आक्का: खरचटलं की वाहत्या पाण्याखाली धुवा, माती निघेपर्यंत. उघड्या जखमेत हळद कोंबू नका रे बाबांनो. १० आणि १६ व्या वर्षीचं टीडीचं (धनुर्वात-घटसर्पाचं) इंजेक्शन हमखास राहून जातं, लसीकरणाचं कार्ड बघा.

दप्तरवाली: विसरलेली वही शाळेत पोचवायची नाही. चष्मा, इनहेलर अपवाद. वेळापत्रक दारामागे चिकटवा, दप्तर रात्रीच भरायचं. पहिलीत शेजारी बसायचं, दुसरीत एकदा विचारायचं, तिसरीपासून तोंड बंद. बेत फसतो तो आजीमुळे, ती गुपचूप भरून ठेवते. आधी तिला कटात घ्या!

आक्का: आज्यांना काही बोलायचं नाही हं 😄

सोंगटी: कॅरममध्ये मुद्दाम हरू नका, पोरांना बरोबर कळतं. त्यापेक्षा उघड सूट द्या: त्याच्या तीन सोंगट्या आधीच काढा, बुद्धिबळात तुमचा वजीर बाजूला ठेवा. जिंकायला लागला की सूट एकेक कमी. हरून रडला तर 'त्यात काय रडायचं' नको, रडू दे. मात्र बोर्ड उधळला तर सोंगट्या त्यानेच गोळा करायच्या. समजावणं जेवण झाल्यावर. भुकेल्या पोराला उपदेश म्हणजे वेळ फुकट.

पुस्तकी: तत्त्वज्ञान नको म्हटलंय, तरी एकच. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंडनी १९६० च्या दशकात हेच मांडलं: नुसता हुकूम नाही, नुसते लाडही नाहीत, नियम पक्के आणि माया भरपूर.

सदाफुली: चालतंय की, एवढं माफ!

गजाभाऊ: दप्तरवाली, डबा मुद्दाम विसरतात त्याचं काय? भेंडी असली की हमखास.

दप्तरवाली: गिळगिळीत होत असेल. धुऊन पूर्ण कोरडी करून मग चिरा, झाकण न ठेवता परता, मीठ शेवटी.