कोकोडा ट्रॅक: वाटाड्या हवाच

प्रश्न असा आहे की पापुआ न्यू गिनीतला कोकोडा ट्रॅक वाटाड्याशिवाय, नुसत्या नकाशावर करावा का. माझं मत स्पष्ट आहे: नको. ओवर्स कॉर्नर ते कोकोडा ही साधारण ९६ किमीची पायवाट कोइआरी आणि ओरोकाइवा लोकांच्या जमिनीतून जाते, त्यांच्याच गावांत मुक्काम असतो. चिखल, नद्या, उभे चढ हे आहेच. पण मुख्य म्हणजे दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये इथे झालेल्या ऑस्ट्रेलिया-जपान लढाईच्या खुणा जंगलानं गिळल्यात. रानात बुजलेला खंदक स्थानिक माणूसच दाखवतो.

वाटेतल्या इसुरावाला अवश्य थांबा. ऑगस्ट १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियन सैनिकांनी इथे जपान्यांना काही दिवस रोखून धरलं. पुढे जपानी याच वाटेवरच्या इओरिबाइवापर्यंत, म्हणजे राजधानी पोर्ट मोर्स्बीच्या अगदी जवळ पोचले आणि तिथून त्यांना माघार घ्यावी लागली.

ऑस्ट्रेलियन जखमींना याच वाटेनं खांद्यावरून उतरवलं ते पापुअन हमालांनी. त्यातल्या कित्येकांना जबरदस्तीनं कामाला जुंपलं होतं, हे फार कमी सांगितलं जातं. म्हणून ट्रेक कंपनी निवडताना हमालांना मजुरी किती, पाठीवर ओझं किती, झोपायला काय देतात, हे आधी विचारा.