२६ जुलैचा कार्यक्रम, गेटचं नाव आणि वहिनींची कागदपत्रं

सेक्रेटरी (ए-१०१): नमस्कार मंडळी. २६ जुलैला कारगिल विजय दिवस आहे, त्या दिवशी मेन गेटला आपल्या बी विंगच्या शहीद जवानाचं नाव द्यायचं कमिटीत ठरलंय. सकाळी ९ ला पाहुणे, त्यांच्या पत्नी म्हणजे आपल्या वहिनी आणि लेकराचा स्टेजवर सत्कार, मग दोन शब्द. फ्लेक्सचं डिझाईन टाकलंय बघा.

सी-३०४: खूप छान 🙏🙏 जय हिंद

ए-२०२: भाऊ, फ्लेक्सवर जवानाचाच फोटो सगळ्यात बारका दिसायलाय अन वर नेत्यांची रांग. हे बरं दिसत नाही.

बी-२०३ मावशी: मी शेजारीच राहते म्हणून बोलते, राग मानू नका कुणी. मागच्या १५ ऑगस्टला वहिनीला एका कार्यक्रमाला नेलं, माईक हातात देऊन शेवटचा फोन कधी आला होता ते सांगायला लावलं, लेकरू घाबरून रडायला लागलं अन फोटोवाले फोटो काढत राहिले. तवापासून ती कुठंच जात नाही. स्टेजवर येणार नाही म्हणाली, मला स्वतः सांगितलंय. पण आजीचं वेगळं आहे. आजीला लेकाचं नाव गेटवर पाहिजेच, येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचावं म्हणते. दोघींचं बी खरं आहे बघा.

सेक्रेटरी (ए-१०१): मावशी, हे आम्हाला माहीत नव्हतं. मग कसं करायचं?

माजी सुभेदार (सी-१०२): गेटला नाव द्या, फीत आजीच्या हातानं कापा. पाटीवर नाव, रेजिमेंट, गाव एवढंच, दुसऱ्या कुणाचं नाव नको. सुनबाईला वाटलं तर खाली येईल, नाहीतर नाही, वरून कुणी बोलवायला जाऊ नका. आता महत्त्वाचं. लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, म्हणजे कारवाईत शहीद झालेल्याच्या पत्नीला मिळणारी पेन्शन, शेवटचा पगार जेवढा होता तेवढी असते, साध्या फॅमिली पेन्शनसारखी पगाराच्या ३० टक्के नाही, त्यामुळं लोकांना वाटतं आता हिला काय कमी. पण ती दर वर्षी हयातीचा दाखला दिला तरच चालू राहते. मोबाईलवर जीवन प्रमाण ॲपमध्ये चेहरा दाखवून घरबसल्या होतो, फक्त पेन्शन देणारी एजन्सी निवडताना बँक टाकायची नाही, स्पर्श (लष्करी पेन्शनची ऑनलाइन यंत्रणा), पीसीडीए पेन्शन अलाहाबाद असं लिहिलेलं निवडायचं. इथंच लई जण चुकतात अन दोन महिन्यांनी पेन्शन थांबली म्हणून रडत येतात. आणि आधारवर नावाचं स्पेलिंग एक, पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) दुसरं असलं की पुढं प्रत्येक टेबलावर अडवतात. आमच्या लोकांच्या घरच्या बायकांना हेच जास्त छळतं, रडायला बी वेळ मिळत नाही.

ए-२०२: काका, घरपट्टीचं पण काहीतरी आहे ना?

माजी सुभेदार (सी-१०२): हो, २०२० ला शासनानं माजी सैनिक अन सैनिकांच्या विधवांची एका घराची घरपट्टी माफ केली. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र लागतं. तिनं अर्ज केलाय का, कुणी विचारलंय?

बी-२०३ मावशी: नाही केला. मागच्याच महिन्यात पूर्ण बिल भरलं पोरीनं. बोलली नाही कुणाला.

सी-३०४: ऐकून वाईट वाटलं. आपण एवढे शेजारी असून 😔

ए-२०२: मी महापालिकेत जाऊन अर्जाची पद्धत विचारून येतो. एसटीच्या मोफत प्रवासाच्या कार्डाचं पण बघतो, आजीला गावाकडं जायला येणं-जाणं असतं.

सेक्रेटरी (ए-१०१): फ्लेक्स रद्द, दगडाची पाटी करू. डीजे पण नको. वर्गणीतून उरलेले ७ डिसेंबरला ध्वजदिन निधीला देऊ, कुणाचा विरोध असेल तर आत्ताच सांगा.

सी-२०१ मॅडम: विरोध नाही. लेकराचा गणिताचा अभ्यास मी घेईन, संध्याकाळी ६ ला, पण तिला विचारूनच. तिच्यावर उपकार केल्यासारखं नको.

माजी सुभेदार (सी-१०२): मॅडम, हे चांगलं. मावशी, तुम्ही तिला विचारा सोमवारी चालेल का. पीपीओ, आधार, पासबुक, मुलाचा जन्मदाखला, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढून ठेवायला सांगा, ओरिजिनल कुठंच ठेवून येऊ नका म्हणावं. सैनिक कार्यालयात मी येतो सोबत.

बी-२०३ मावशी: आत्ताच विचारलं. सोमवारी ११ ला चालंल म्हणाली. आणि पाटीवर रेजिमेंटचं नाव मराठा लाईट इन्फंट्री असं पूर्ण लिहा, एमएलआय करू नका म्हणाली.