जनरल लिओ डोमाची छावणी सोडून गेला, तिथेच तो चुकला

नदीकाठ (धागाकर्ता)

फायनल फँटसी सिक्स दुसऱ्यांदा पूर्ण केला. पहिल्यांदा खेळलो तो होस्टेलवर, मित्राच्या कॉम्प्युटरवर एम्युलेटर टाकून. आता मोबाइलवर, पिक्सेल रीमास्टर. तेव्हा जनरल लिओ मेला त्या रात्री मी जेवलो नव्हतो. या वेळी मात्र त्याच्याऐवजी डोमाच्या माणसांसाठी जीव तुटला, आणि लिओचा राग आला. म्हणून हा धागा.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्क्वेअर कंपनीचा हा जपानी गेम १९९४ चा. सम्राट गेस्टाल एस्पर नावाच्या जादुई जीवांमधून शक्ती पिळून काढतो, ती यंत्रांत आणि माणसांत भरतो आणि त्या जोरावर एकेक राज्य गिळत जातो. केफ्का हा त्याचा क्रूर जादूगार. सेलीस ही त्याची सेनानी, जी पुढे साम्राज्य सोडते. आणि लिओ हा शूर, सरळ, शिपायांना जीव लावणारा सेनापती, जो शेवटपर्यंत सोडत नाही.

डोमा या राज्याच्या गडाला साम्राज्याच्या सैन्याचा वेढा पडलाय. एक तरणा शिपाई लिओकडे येतो, म्हणतो हुकूम द्या, आत्ता चढाई करतो. लिओ त्याला विचारतो, तू मरांडाचा ना? तुझी तलवार तुझ्या घरच्यांच्या हातात द्यायची वेळ माझ्यावर आणू नकोस. ऐकून ऊर भरून येतो. पण मरांडा म्हणजे कुठलं गाव? साम्राज्याने जिंकलेलं. सेलीसने ते पेटवलं होतं, हे पुढे डोमाचा योद्धा सायन तिला तोंडावर ऐकवतो. ज्या सैन्याने याचं गाव घेतलं त्याच सैन्यासाठी हा पोरगा मरायला निघालाय, आणि लिओला त्यात फक्त त्याच्या जिवाची काळजी दिसते. तो इथे उभा का आहे, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवत नाही.

मग सम्राटाचं बोलावणं येतं आणि लिओ निघतो. तो वळतो न वळतो तोच केफ्का विष मागवतो. शिपाई म्हणतो, जनरल लिओंनी विषाला मनाई केलीय. केफ्का म्हणतो, तो आता इथे नाही. शिपाई म्हणतो, गडात आपलीही माणसं कैदेत आहेत. केफ्काला त्याचं काही नाही. नदीत विष पडतं. राजा मरतो, गडावरची माणसं मरतात, सायनची बायको आणि लहानगा मुलगा मरतात.

माझा मुद्दा एवढाच. मनाई करावी लागली, म्हणजे विषाची गोष्ट छावणीत निघालेली होती. लिओला ते ठाऊक होतं. ठाऊक असून तो केफ्काच्या हाती छावणी देऊन गेला.

सह्यकडा

नदीकाठ, तुम्ही फार कठोर झालात. सम्राटाचं बोलावणं म्हणजे चहाचं आमंत्रण नव्हे. सेनापतीने ऐन वेढ्यात हुकूम मोडला तर त्याच्याच पाठोपाठ सैन्य फुटतं, आणि मग त्या शिपायांचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

आणि त्याने काय केलं ते बघा ना. चढाई टाळून वेढा धरला, म्हणजे दोन्हीकडची माणसं वाचावीत हाच हिशोब. साम्राज्याची सगळी ताकद मॅजिटेकवर, म्हणजे एस्परांतून काढलेल्या त्या शक्तीवर, उभी असताना त्याने स्वतःच्या अंगात ती शक्ती घेतली नाही. केफ्काने घेतली आणि त्याचं डोकं फिरलं. लिओ हाडामांसाचा माणूस राहिला. थमासा गावात केफ्का एस्परांना कापायला उठला, तेव्हा त्याच्यासमोर एकटा उभा राहिला तो लिओ. त्या लढाईत गेम त्याला आपल्या हातात देतो. लढाई जिंकली तरी तो वाचत नाही, तरी दर वेळी मी जिवाच्या आकांताने बटणं दाबतो.

खाल्ल्या मिठाला जागणं हा गुन्हा कधीपासून झाला?

नदीकाठ

मीठ कुणाचं, हेही बघायला हवं. ते डोमा आणि मरांडाच्या ताटातून ओढून आणलेलं होतं.

मॅजिटेक नाकारलं म्हणता, तर मला तोच पुरावा त्याच्याविरुद्ध वाटतो. ती शक्ती कशी काढली जाते हे ज्याला ठाऊक, तोच ती नाकारेल. स्वतःचे हात स्वच्छ ठेवायचे आणि बाकीच्यांचे बरबटू द्यायचे.

अल्ब्रुकच्या बंदरातली ती रात्र आठवा. गेमची नायिका टेरा, तिला साम्राज्याने लहानपणापासून शस्त्र म्हणून वापरलं, तिच्या डोक्यावर गुलामीचा मुकुट चढवून तिच्याकडून माणसं मारवली. लिओ तिला स्वतःच सांगतो की मला हे माहीत होतं, तरी मी काही केलं नाही, मीही केफ्काहून वेगळा नाही. हे मी म्हणत नाहीये, तो म्हणतोय. आपण त्याचं का ऐकत नाही?

सह्यकडा

कारण असं बोलणारा माणूस केफ्कासारखा असूच शकत नाही. केफ्काच्या तोंडून हे वाक्य कधी निघेल का?

अबोली

माझे वडील लष्करात होते, त्यामुळे 'हुकूम म्हणजे हुकूम' हे वाचलं की मला राहवत नाही. आपल्याकडच्या १९५० च्या लष्कर कायद्यात कलम ४१ आहे, वरिष्ठाची आज्ञा मोडण्याबद्दलचं. त्यातही शब्द आहे 'कायदेशीर' आज्ञा. बाबा हा शब्द दर वेळी जोर देऊन उच्चारायचे. आंधळं इमान सैनिकाकडून कुणीच मागत नाही, निदान कागदावर तरी.

पण याच कारणाने मी लिओच्या बाजूने आहे. सम्राटाने त्याला विष घालायला सांगितलं नव्हतं. सांगितलं फक्त परत ये म्हणून. ही आज्ञा बेकायदा कशी? माणूस आज्ञा मोडणार तरी कुठल्या मुद्द्यावर? पुढे काय घडलं ते आपल्याला ठाऊक आहे म्हणून आपण त्याला दोषी धरतोय.

नदीकाठ

अबोलीताई, मुद्दा रास्त आहे. त्या क्षणी आज्ञा मोडायला हवी होती असं माझंही म्हणणं नाही. निदान केफ्काला सोबत घेऊन जायचं. विषाचा साठा नष्ट करायचा. तेवढा अधिकार त्याच्याकडे होता. तो शब्द टाकून गेला, बंदोबस्त करून गेला नाही.

आणि डोमानंतर? गावच्या गाव मेलं, हे त्याला कळलं असणारच. तरी तो व्हेक्टरमध्ये, साम्राज्याच्या राजधानीत, सम्राटाच्या शेजारी उभाच आहे.

पिंपळपार

मेजवानीचा भाग कुणी काढला नाही अजून. मला तो या सगळ्या गेममधला सर्वांत अंगावर येणारा भाग वाटतो.

एस्परांनी व्हेक्टर उद्ध्वस्त केल्यावर गेस्टाल एकदम शरण आल्यासारखा वागतो. युद्ध संपलं म्हणतो, केफ्काला कोठडीत टाकतो. मेजवानीआधी आपल्याला चार मिनिटं मिळतात, तेवढ्यात महालातल्या २४ शिपायांशी बोलायचं. मग टेबलावर सम्राट आपल्याला प्रश्न विचारतो, त्यात डोमाच्या विषाचाही विषय काढतो, चूक झाली म्हणतो. उत्तरं नीट दिली तर बक्षीस. म्हणजे डोमाचे मुडदे त्याने तहाच्या टेबलावर चलनासारखे वापरले. आणि मग एस्परांशी समेट करायला आपल्यासोबत कोणाला पाठवतो? लिओला. कारण लिओचा शब्द खोटा नसतो, हे शत्रूलाही माहीत असतं.

समेटाच्या आडून एस्परांची शक्ती बळकावायचा सम्राटाचा डाव उघडा पडतो तो कसा, आठवतंय? आपल्या गटातला एडगर चहा आणणाऱ्या मुलीशी गोड बोलतो आणि ती सगळं सांगून टाकते. महालात चहा देणाऱ्या मुलीला जे ठाऊक होतं, ते सेनापतीला ठाऊक नव्हतं.

सह्यकडा

पिंपळपार, हे तर त्याच्याच बाजूचं झालं! त्याच्यापासून लपवलं, कारण कळलं असतं तर तो गेलाच नसता. सम्राटालाही त्याची खात्री होती. ज्याच्यापासून पाप लपवावं लागतं तो माणूस चांगलाच म्हणायचा.

पिंपळपार

एकदा लपवलं तर मान्य. वर्षानुवर्षं लपवलं जात असेल, तर त्याने न विचारण्याची सवय लावून घेतली होती असं मी म्हणेन. पण तो खोटं बोलत नव्हता, हे तुमचं शंभर टक्के खरं.

चिंचवण

महाभारतातल्या दोन कौरवांची आठवण झाली. विकर्ण भर सभेत उठला, द्रौपदीवर अन्याय होतोय म्हणाला, आणि तरी युद्धात दुर्योधनाच्याच बाजूने लढून भीमाच्या हातून मेला. युयुत्सु, धृतराष्ट्राचाच मुलगा, युद्धाच्या तोंडावर पांडवांकडे गेला आणि जगला. लिओ विकर्ण, सेलीस युयुत्सु. विकर्णाला मारताना भीमालाही वाईट वाटलं, हे खरं. पण त्याच्या बोलण्याने द्रौपदीचं काय वाचलं?

सह्यकडा

चिंचवणदादा, उदाहरण चपखल आहे. पण सेलीसला युयुत्सु म्हणणं मला जड जातं. युयुत्सुने गाव जाळलं नव्हतं. सेलीसने जाळलं. हात न बरबटलेल्याला आपण दोष देतोय आणि बरबटलेली नायिका झालीय.

आता मनातलं बोलतो. 'सोडायला हवं होतं' हे सगळे किती सहज लिहिताहेत. घर चालवणाऱ्या माणसाला विचारा. चुकीच्या जागी असलेला चांगला माणूस निघून गेला की त्या जागी वाईट माणूस येतो, याहून दुसरं काही होत नाही. नदीकाठ, तुम्ही कधी अशी जागा सोडलीय का?

नदीकाठ

सोडलीय. सांगणार नव्हतो, पण विचारलंत म्हणून सांगतो.

मी सहा वर्षं एका दूध संकलन केंद्रावर होतो. नाव घेत नाही. तिथे दुधाचं फॅट, ज्यावर पैसे ठरतात ते, कमी लागायचं. मशीन सेट केलेलं असायचं, चार-पाच पॉइंट सहज खाली. सकाळच्या पाळीला दुसरा माणूस, संध्याकाळची पाळी माझी. पाळी सुरू झाली की मी मशीन नीट करून घ्यायचो आणि जे लागेल ते पावतीवर द्यायचो. मालकाला माहीत होतं. तो मला काही म्हणायचा नाही. मला वाटायचं माझ्या सचोटीला वचकून आहे.

लोक संध्याकाळी लांबून किटल्या घेऊन यायचे. एक म्हातारी आजी, एकच म्हैस, दीड लिटर दूध. पावती मला उलटी धरून दाखवायची, वाचता येत नव्हतं. एकदा म्हणाली, "बाबा, तू हाईस म्हणून आमी हितं घालतो. न्हाईतर पलीकडच्या डेअरीला गेलो असतो." आणि सकाळचं दूध? तेही ती इथेच घालायची. केंद्र एकच, पावतीवर नाव एकच, भरवसा माझ्यावर. सकाळी तिचे पैसे कापले जायचे ते माझ्या भरवशावर.

त्या दिवशी कळलं, मालक मला का काही म्हणत नव्हता. माझी संध्याकाळ त्याची सकाळ चालवत होती. पुढच्या महिन्यात सोडलं. लिओवर माझा राग आहे तो हा. गेस्टालला लिओ हवा होता तो त्याच्या चांगुलपणासकट.

अबोली

हे वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.

सह्यकडा

नदीकाठ, तुमच्याबद्दल आदर वाढला. तरी विचारतो, रागावू नका. तुम्ही सोडल्यावर संध्याकाळच्या पाळीला खरं फॅट कोण द्यायचं?

नदीकाठ

कुणीच नाही.

आजींना मी घरी जाऊन सांगितलं की आता दोन्ही वेळचं दूध पलीकडे घाला. त्यांनी घातलं. अजून सात-आठ घरांना सांगता आलं. बाकीच्यांचं मला माहीत नाही. तुमचा प्रश्न मला आजही पडतो.

सह्यकडा

उत्तर प्रामाणिक दिलंत. माझंही मत थोडं हललंय, पूर्ण नाही. तुम्ही घरोघर जाऊन सांगितलंत. लिओने अल्ब्रुकला टेराला जे सांगितलं ते मला तसंच वाटतं. तिथे त्याचं सुरू झालं होतं. मरांडा जाळलेली सेलीस पुढे किती चालली, तिला अख्खा गेम मिळाला. लिओला बंदरातल्या त्या रात्रीनंतर जेमतेम एक समुद्रप्रवास मिळाला. थमासाला त्याने एस्परांशी समेट घडताना पाहिला, आणि तेवढ्यात केफ्का आला.

पिंपळपार

आणि केफ्काने त्याला हरवलं ते तलवारीने नाही, हे विसरू नका. सम्राटाचा आभास उभा केला. गेस्टाल समोर दिसला, आपण तुला फसवलं असं म्हणाला, आणि लिओ तिथेच थबकला. शेवटच्या घटकेलाही त्याला सम्राटाकडून खुलासा हवा होता.

नदीकाठ

तो थबकतो ना, तिथे या वेळी मी मोबाइल खाली ठेवला. मलाही मालकाला एकदा विचारायचं होतं. सोडताना त्याच्या केबिनच्या दाराशी मी बराच वेळ उभा होतो.

सह्यकडा, 'सुरू झालं होतं' हे तुमचं म्हणणं मान्य. डोमाबद्दलचं माझं म्हणणं मागे घेत नाही. थमासातली त्याची कबर गेममध्ये पुढेही राहते. एकेकाळी लिओला जिवंत करता येतं अशा अफवा होत्या, मीही होस्टेलवर त्या कबरीभोवती रात्र रात्र फिरलोय. या वेळी पुन्हा गेलो, सायनला पुढे ठेवून. काही होत नाही तिथे, कुणी काही बोलत नाही. तरी थोडा वेळ त्याला उभं केलं.