मदत हवी आहे: सिंहगडाचा वेपॉइंट रायगडाजवळ का उमटतो?

प्रश्न
हँडहेल्ड जीपीएसमध्ये सिंहगडाचा वेपॉइंट, म्हणजे जागेचा बिंदू, हाताने भरला. यादीत १८°२१'५७" उत्तर, ७३°४५'१८" पूर्व असे आहे. यंत्रात १८.२१५७ आणि ७३.४५१८ टाकले. खूण रायगडाच्या आग्नेयेला दोनेक किलोमीटरवर दिसते. अचूकता मात्र ५ मीटर दाखवतंय. बिघाड यंत्रात की नकाशात?

प्रतिसाद १
कशातच नाही. यादीत अंश-मिनिट-सेकंद आहेत, यंत्र दशांश अंश मागतंय आणि तुम्ही आकडे नुसते जोडून टाकलेत. अंशाची मिनिटं ६०, १०० नव्हेत.

२१ भागिले ६० = ०.३५, ५७ भागिले ३६०० = ०.०१५८३, म्हणून अक्षांश १८.३६५८३. तसाच रेखांश ७३.७५५००. तुमची खूण दक्षिणेला साडेसोळा आणि पश्चिमेला बत्तीस किलोमीटर सरकली, आणि तिथे नेमका रायगड निघाला! ५ मीटर अचूकता तुम्ही उभे आहात त्या जागेची असते, हाताने भरलेल्या बिंदूशी तिचा संबंध नाही.

भागाकार नको असेल तर सेटअपमध्ये पोझिशन फॉरमॅट अंश-मिनिट-सेकंद करा आणि यादीतले आकडे जसेच्या तसे भरा. जुने बिंदू बिघडत नाहीत, फक्त दिसतात वेगळे. चुकलेला तेवढा पुसा.

प्रतिसाद २
सरळ रेषेतली छत्तीस किलोमीटरची चूक निदान डोळ्यांत भरते. फॉरमॅट अंश आणि दशांश मिनिटांचा असताना २१.९५० ऐवजी २१.५७ आणि ४५.३०० ऐवजी ४५.१८ भरलं, तर खूण जेमतेम पाऊण किलोमीटर सरकते. घाटात तेवढ्यात सोंडच बदलते. लांबलचक यादी असेल तर दशांश चिन्हानंतरच्या दोन-दोन आकड्यांच्या जोड्या बघा. एकही ५९ च्या वर जात नसेल तर ते बहुधा सेकंदच.

प्रश्नकर्ता
फॉरमॅट बदलला, खूण गडावर आली. पण जुन्या टोपोशीटवरून (उंचसखलपणा दाखवणाऱ्या सर्वेक्षण नकाशावरून) घेतलेले बिंदू अजून थोडे हटून बसतात.

प्रतिसाद १
ते डेटममुळे, म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कुठल्या मानीव आकाराला धरून मोजले त्यामुळे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या शीट एव्हरेस्ट गोलाभ नावाच्या आकारावर आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या दुसऱ्या डेटमवर चालतं. पुण्याच्या आसपास फरक शंभर-दीडशे मीटरचा पडतो. ते बिंदू भरताना डेटमच्या यादीतून 'इंडियन' निवडा, भरून झाले की परत डब्ल्यूजीएस ८४ करा. विसरलात तर पुढच्या यादीतले बिंदू उलट्या बाजूला तेवढेच सरकतील.